धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (जन्म : नाशिक, १० एप्रिल १९०१, मृत्यू : ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ व सहकार चळवळीचे अग्रणी विचारवंत होते. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते. कर्जवाटप, वसुली आणि शेतमालाची विक्री यांचा हिशेब एकत्र बांधल्याखेरीज सहकारी संस्था टिकणार नाही, या विचाराला त्यांनी प्रत्यक्ष रूप दिले.

शिक्षण व संशोधन

त्यांचे उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. तेथील संशोधनावर आधारित, भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९३० मध्ये गोखले संस्था स्थापन झाल्यापासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते.

ग्रामीण पतपुरवठा

रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचे गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांची पाहणी करून समितीने १९५४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा केवळ ३.१ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे त्यातून दिसून आले. कर्जाची सांगड पणन व प्रक्रियेशी घालावी आणि संस्थांच्या भांडवलात शासनाने भागीदार व्हावे, अशा शिफारशी समितीने केल्या.

प्रवरा कारखाना

अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम होय. प्रारंभीच्या सुमारे दहा वर्षांत गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. सभासदाने ऊस कारखान्याला घालावा, त्याचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते व्हावे आणि हंगामाचा हिशेब पूर्ण झाल्यावर अंतिम भाव ठरावा, ही पद्धत सहकारी साखर कारखानदारीत रूढ झाली. वसुलीची हमी मिळाल्याने बँकांनाही कर्ज देणे सुकर झाले.

राष्ट्रीय नियोजन

१९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. राज्यांना केंद्रीय साहाय्य देण्यासाठी १९६९ मध्ये स्वीकारलेले सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला, तर १० टक्के भार राज्याच्या करवसुलीच्या प्रयत्नांना होता. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांच्या विस्तारासाठी क्षेत्रनिहाय दृष्टिकोन सुचविला. अग्रणी बँक योजनेचा उगम त्यात आहे.

मूल्यमापन

शासकीय भागीदारीमुळे सहकाराला भांडवल मिळाले, परंतु तिच्यासोबत शासकीय व राजकीय हस्तक्षेपही आला, अशी टीका पुढे झाली. २००५ मध्ये वैद्यनाथन समितीने पतसहकारातील शासकीय भांडवल व नियंत्रण घटविण्याची शिफारस केली. उसाचा वाढीव अंतिम भाव हा कारखान्याचा खर्च मानावा की नफ्याचे वाटप, हा प्राप्तिकराचा वादही अनेक वर्षे चालला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील नफ्याचा भाग वाटप ठरविला. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जुन्या वर्षांसाठी सहकारी कारखान्यांना दिलासा देण्यात आला. भाव आणि नफा यांच्यातील सीमारेषा हिशेबात स्पष्ट असणे सभासदांच्या हिताचे किती आहे, हे या वादाने दाखवून दिले.