स्वतंत्र व्यवसायाची सनद

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आम्ही आदराने उच्चारतो. परंतु ते बॅरिस्टर का झाले, याचा विचार क्वचितच करतो.

१९१६ साली लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासाबरोबर त्यांनी ग्रेज इन या विधिसंस्थेत नाव नोंदविले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोदे संस्थानात अधिकारपद मिळाले, पण अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळाली नाही. हुद्द्याने मान मिळत नाही, हे तेथे कळून चुकले.

पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडून, साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. वकिलीची परीक्षा मुंबईतही होती. मात्र उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरांना जो अधिकार होता, तो वकिलांना नव्हता.

१९२२ साली ते बॅरिस्टर झाले व १९२३ पासून मुंबईत वकिली करू लागले. जातीमुळे आरंभी कामे थोडी मिळाली. तरीही महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांना कोणत्याही वरिष्ठाची परवानगी मागावी लागली नाही.

शिक्षणाची वाट निवडताना आमच्या मुलामुलींनी एवढे अवश्य ध्यानी घ्यावे.