रस्त्याला जागा ठेवणारा माणूस : इल्देफॉन्स सेर्दा

'नागरीकरण' हा शब्द आपण भूगोलाच्या आणि समाजशास्त्राच्या वहीत किती वेळा उतरवून घेतो याची गणती नाही. परीक्षेत त्याची व्याख्या येते, कारणे येतात, परिणाम येतात. पण युरोपीय भाषांत या अर्थाचा शब्द ज्याने शास्त्रात आणला, तो रस्ते आखणारा एक इंजिनिअर होता आणि स्वतः आखलेल्या शहराच्या पायी तो निष्कांचन होऊन मेला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही ठाऊक नव्हते. त्यांचे नाव इल्देफॉन्स सेर्दा. स्पेनमधील बार्सिलोना शहराचा आजचा नकाशा हे त्यांचे जीवितकार्य होय.

सेर्दा मला जवळचे वाटले, त्याला एक घरगुती कारण आहे. आमचे घर गावाबाहेरच्या गुंठेवारीच्या वस्तीत आहे. वडिलांनी हमाली करून साठवलेल्या पैशांत तेथे एक गुंठा जागा घेतली. विकणाऱ्याने दाखवलेल्या नकाशात आमच्या दारासमोर वीस फुटांचा रस्ता होता. त्या नकाशावर कोणत्याही कचेरीचा शिक्का नव्हता, पण ते ओळखण्याइतके वाचता येणारे आमच्या घरात कोणी नव्हते. पुढे समोरच्यांनी ओटा वाढवला, शेजाऱ्यांनी जिना बाहेर काढला आणि आम्हीही दोन पायऱ्या पुढे घेतल्या. आज त्या वीस फुटांतले आठ उरले आहेत. दोन वर्षांपूर्वी रात्री आजीला दवाखान्यात न्यायचे होते, तेव्हा गाडी कोपऱ्यावरच अडली. आजीला बाजेवर घालून चौघांनी तिथपर्यंत नेले. तेव्हापासून रस्ता नेमका कोण ठरवतो आणि ठरवलेला रस्ता कशाने टिकतो, हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. सेर्दा यांच्या चरित्रात त्याचे उत्तर मला बरेचसे सापडले.

सेर्दा यांचा जन्म २३ डिसेंबर १८१५ रोजी कातालोनिया प्रांतातील सेन्तेल्यास या गावाजवळ एका जुन्या जमीनदार कुटुंबात झाला. घरची शेती पिढ्यान् पिढ्यांची होती. ते धाकटे असल्याने वारसा त्यांच्याकडे येण्याचा संभव नव्हता. आधी विक येथे लॅटिन व तत्त्वज्ञान, मग बार्सिलोनात गणित व वास्तुकला असे शिक्षण घेत ते माद्रिदच्या स्थापत्य अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाले आणि १८४१ साली पदवी घेऊन बाहेर पडले. त्यानंतर सरकारी नोकरीत त्यांनी ठिकठिकाणी रस्त्यांची कामे केली. १८४४ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये त्यांनी आगगाडी पाहिली. शेकडो माणसे एकदम एका गावाहून दुसऱ्या गावी जात आहेत, हे दृश्य त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. माणसे आता अशी फिरू लागली, तर जुन्या शहरांच्या बोळांत ती मावणार कशी, या विचाराने त्यांना घेरले. पुढे वडील आणि भाऊ वारल्यामुळे घरची मालमत्ता त्यांच्याकडे आली. ते पैसे त्यांनी ऐषारामात घालवले नाहीत. १८४९ साली त्यांनी नोकरी सोडली आणि उरलेले आयुष्य शहरांच्या अभ्यासाला वाहिले.

त्या वेळचे बार्सिलोना कसे होते, हे समजल्याशिवाय सेर्दा यांचे मोठेपण कळणार नाही. शहराभोवती तट होता. तटाबाहेर तोफेच्या पल्ल्याइतक्या जमिनीवर घर बांधण्यास लष्कराची बंदी होती. जमीन शेतकऱ्याची, सातबारा जणू त्याच्याच नावावर, पण तिच्यावर भिंत उभारण्याचा हक्क मात्र त्याला नाही! आपल्याकडे एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या वहिवाटीचा हक्क असतो, तसा हा राज्यसत्तेचा हक्क सबंध माळावर पसरला होता. त्यामुळे आतले शहर बाहेर पसरू शकत नव्हते. गिरण्या आल्या, मजूर आले, मजल्यांवर मजले चढले. एका हेक्टरात सुमारे ८५० माणसे राहत होती. त्या काळच्या पॅरिसमध्ये हे प्रमाण ४०० च्याही आत होते. १८५४ साली पटकीची साथ आली आणि हजारो माणसे दगावली. त्याच वर्षी तट पाडण्याचा हुकूम सुटला.

तटाबाहेरच्या प्रदेशाची मोजणी करण्याचे काम सेर्दा यांच्याकडे आले आणि १८५५ मध्ये त्यांनी तपशीलवार नकाशा सिद्ध केला. दुसरा कोणी असता तर नकाशा देऊन मोकळा झाला असता. सेर्दा जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरले. मजूर किती भाडे देतो, काय खातो, किती मजुरी मिळवतो, किती मजले चढून घरी जातो आणि कितव्या वर्षी मरतो, याची त्यांनी आकडेवारी जमवली. त्यांना असे दिसले की, मजुराचे सरासरी आयुष्य पंचविशीच्याही आत संपते आणि श्रीमंताचे त्याहून दहा वर्षांनी तरी अधिक असते. एकाच शहरात, एकाच हवेत असा भेद का पडावा? हवा एकच नव्हती, हेच त्याचे उत्तर होते. अरुंद बोळातल्या तळमजल्यावर ऊन पोहोचतच नव्हते. रस्त्याची रुंदी ही सोयीची बाब नसून आयुष्याची बाब आहे, ही गोष्ट सेर्दा यांनी मोजमापाने सिद्ध केली.

या अभ्यासातून त्यांची योजना जन्मली. जुने शहर आणि भोवतालची ग्रासिया, सान्स यांसारखी गावे यांच्या मधल्या मोकळ्या माळावर त्यांनी चौरस चौकांची जाळी आखली. प्रत्येक चौक सुमारे ११३ मीटर बाजूचा. साधारण रस्ता २० मीटर रुंद, त्यातला अर्धा गाड्यांना आणि अर्धा पायी चालणाऱ्यांना. रस्त्याच्या कडेने झाडे. प्रत्येक चौकाचे चारही कोपरे तिरपे छाटलेले, म्हणजे वळणाऱ्या वाहनाला जागा मिळावी आणि समोरून येणारा दिसावा. मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी हा विचार झाला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चौकाच्या चारपैकी दोनच बाजूंना घरे बांधायची, त्यांची उंची १६ मीटरच्या पुढे न्यायची नाही आणि मधली सर्व जागा बागेसाठी ठेवायची, असा त्यांचा दंडक होता. ठरावीक चौकांमागे शाळा, बाजार, दवाखाना यांना जागा होती. श्रीमंतांची पेठ वेगळी आणि मजुरांची वेगळी, असे त्या नकाशात कोठेच नव्हते.

आता मंजुरीची कथा. ती वाचताना मला आमच्या वस्तीतल्या लोकांनी कचेऱ्यांत घातलेल्या खेपा आठवल्या. ७ जून १८५९ रोजी माद्रिदच्या सरकारने सेर्दा यांची योजना मंजूर केली. शहराच्या नगरपालिकेला हे मुळीच रुचले नाही. आमच्या शहराचा नकाशा राजधानीने का ठरवावा, असा तिचा रोष होता. तिने स्वतः स्पर्धा भरवली होती आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिचे पहिले बक्षीस अंतोनी रोविरा नावाच्या वास्तुशिल्पकाराला मिळाले. पण सरकारने आपला निर्णय बदलला नाही. ३१ मे १८६० रोजी सेर्दा यांच्या योजनेवर अखेरचे शिक्कामोर्तब झाले आणि त्याच वर्षी राणी इसाबेला दुसरी हिच्या हस्ते कोनशिला बसली.

नगरपालिकेच्या रागात केवळ हेवा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या गावाविषयी आपले मत कोणी विचारावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्या रागाचा फायदा जमीनमालकांनी घेतला, आणि सेर्दा यांच्या आयुष्यातली खरी शोकांतिका येथेच सुरू झाली. कारण जे मंजूर झाले, ते रस्त्यांचे रेखांकन. घरे किती बाजूंना बांधावीत, किती उंच बांधावीत याविषयी सेर्दा यांनी लिहिलेली बांधकामाची नियमावली आणि खर्चाची योजना यांना मात्र तशी मंजुरी मिळाली नाही. रस्त्याची रेषा कायद्याची झाली आणि बाग मालकाच्या मर्जीवर राहिली.

सेर्दा खचले नाहीत. सरकारचे तांत्रिक अधिकारी म्हणून पुढची काही वर्षे त्यांनी माळावर रेषा आखून देण्याचे काम केले. कोणी घर बांधायला परवाना मागितला, की त्याच्या जमिनीतून रस्त्याची हद्द कोठून जाते, हे ठरवून द्यावे लागे. काम वाटते तितके सोपे नव्हते. शेतांचे तुकडे वेडेवाकडे, बांध तिरके आणि नवा चौक मात्र काटकोनातला. एखाद्याचे सगळेच शेत रस्त्यात जाई आणि त्याच्या शेजाऱ्याला रस्त्यालगतची सोन्यासारखी जागा आपोआप मिळे. यावर सेर्दा यांनी उपाय सुचवला. सर्वांच्या जमिनी एकत्र कराव्या, रस्त्यांना लागणारी जागा सर्वांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे सोडावी आणि उरलेली जमीन सुबक भूखंड पाडून त्याच प्रमाणात परत वाटावी. म्हणजे रस्त्याचा भार एकावर पडू नये आणि लाभही एकाच्याच पदरात पडू नये. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. त्यातही तुकडे एकत्र करून नवे भूखंड वाटण्याचे हेच तत्त्व आहे. न्यायाची गोष्ट वेगवेगळ्या देशांत माणसांना सारखीच सुचते, याचे मला फार नवल वाटले.

तरीही बागा वाचल्या नाहीत. दोन बाजूंच्या तीन झाल्या, तीनच्या चार झाल्या. कोणी चौकाच्या पोटातून खाजगी गल्ली काढून तिच्या दोन्ही अंगांना घरे बांधली. मधल्या जागेत कारखाने, कोठारे, दुकाने आली. पुढच्या काळात नियम सैल होत गेले आणि मजलेही चढत गेले. ज्या दाटीतून सेर्दा यांनी शहर बाहेर काढले, तीच दाटी चौकांच्या आत पुन्हा शिरली. सेर्दा स्वतः १८६३ नंतर एका बांधकाम कंपनीचे तांत्रिक संचालक झाले आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. सरकारी अधिकाऱ्याने कंपनीत असावे का, हा प्रश्न गैर नव्हता. थोर माणसाच्या चरित्रातले असे पान झाकून ठेवू नये, असे मला वाटते.

१८६७ साली त्यांचा नागरीकरणाच्या सामान्य सिद्धान्तावरचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. जुन्या भाषेत या विद्येला शब्दच नव्हता, म्हणून त्यांनी तो घडवला. तोच आज आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. १८७३ साली स्पेनमध्ये पहिले प्रजासत्ताक आले, तेव्हा बार्सिलोना प्रांताच्या कारभारातही त्यांनी जबाबदारीचे पद सांभाळले. पण प्रजासत्ताक अल्पायुषी ठरले. वडिलोपार्जित संपत्ती योजनेच्या पायी संपली होती. केलेल्या कामाचे पैसे मिळण्यासाठी अर्ज करण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली. संसारही मोडला होता. २१ ऑगस्ट १८७६ रोजी उत्तर स्पेनमधील काल्दास दे बेसाया या उन्हाळ्यांच्या गावी, प्रकृतिस्वास्थ्यासाठी गेले असता, त्यांचे निधन झाले. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या शहरातले नामवंत वास्तुशिल्पकार त्यांच्या चौकांना नीरस म्हणून हिणवत राहिले. त्यांच्या अस्थी बार्सिलोनाच्या भूमीत आणण्यासाठी १९७१ साल उजाडावे लागले.

आज मात्र चित्र पालटले आहे. जगभरचे विद्यार्थी ती जाळी पाहायला जातात. ज्या रस्त्यांवरून सेर्दा यांच्या काळी घोडागाड्या जात, त्यांवर पुढे ट्राम, बस, मोटारी सर्व काही मावले. १९८० नंतरच्या दशकांत तेथील महानगरपालिकेने काही चौकांच्या पोटातली बांधकामे हटवून बागा पुन्हा मोकळ्या केल्या, आणि २०१६ पासून काही चौकांच्या गटांत मोटारींना आवर घालून रस्ते पायी चालणाऱ्यांना दिले. हे करता आले, कारण २० मीटरची रुंदी शाबूत होती. गेलेली बाग महागात का होईना, परत आणता येते. रस्ताच ठेवला नसता, तर काय परत आणणार होते?

मित्रहो, मी माझ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच घेतले. जे मोजले, मंजूर केले आणि सर्वांच्या मालकीचे केले, ते टिकले. जे प्रत्येकाच्या चांगुलपणावर सोपवले, ते गेले. बार्सिलोनाचे जमीनमालक आमच्या वस्तीतल्या लोकांहून वाईट नव्हते आणि आम्हीही त्यांच्याहून चांगले नाही. दोन पायऱ्या आम्हीही पुढे घेतल्या होत्याच.

दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन आमची गल्ली मोजली आणि कोणाच्या दारासमोर किती जागा गेली आहे, ते कागदावर मांडले. वस्ती नियमित करून घ्यायची तर असा नकाशा लागतोच. वडिलांना मी तो वाचून दाखवला, सेर्दा यांची गोष्टही सांगितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन त्यांनी आमच्या पुढच्या दोन पायऱ्या उखडल्या. आता घरात चढताना आजीला हात द्यावा लागतो. समोरचा ओटा अजून आहे. पण गल्ली आठ फुटांची दहा फूट झाली आहे, आणि समोरचे काका परवा माझ्याकडून तो कागद मागून घेऊन गेले आहेत.

— द्वितीय वर्ष, कला