कावसजी नायगमवाला: पुण्यातली एका माणसाची वेधशाळा

आमच्या टीममध्ये एक प्रश्न नेहमी विचारला जातो: उद्या हा माणूस नोकरी सोडून गेला, तर सिस्टीम चालेल का? हा प्रश्न पुण्यात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलाय, तोही एका वेधशाळेच्या बाबतीत.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन एम.ए. झाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला लागले. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज बघायला आले. कावसजींनी त्यांच्याकडून प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये मिळवले आणि तेवढेच सरकारकडूनही. मग ते इंग्लंडला गेले. तिथल्या तज्ज्ञांनी, त्यात नॉर्मन लॉकयरही होते, त्यांना वर्णपटाचा अभ्यास करणारी वेधशाळा उभारायचा सल्ला दिला.

१८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. इथली मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची होती. आरसा २० इंची, त्या काळात भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण!

आता थोडं टेक्निकल. ताऱ्याचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिला की त्याचे रंग वेगळे होतात आणि त्यात रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, अगदी बारकोडसारख्या. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा होती आणि ती कशाची यावर तेव्हा मोठा वाद चालू होता. लॉकयर म्हणत होते, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला भाग आहे. तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, या त्यांच्या सिद्धांताला ते हवंच होतं.

पण पट्ट्याची एक कड पुसट असायला हवी. कावसजींनी तपासून पाहिलं, तर रेषा प्रत्येक वेळी बारीक आणि दोन्हीकडून रेखीव! १८९१ मध्ये त्यांनी हे रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापलं. ज्यांच्या सल्ल्यावर वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारा डेटा होता हा. सीनियरच्या डिझाइनमधला बग दाखवताना आपला आवाज कसा बारीक होतो, ते आठवून बघा. पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं: रेषा मॅग्नेशियमची नाहीच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे.

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला कावसजी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले, आणि तिथून सूर्याच्या प्रभामंडळाचे वर्णपट मिळवून आले.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणं कोडाईकनालला गेली. कावसजी त्यानंतरही बरीच वर्षं, १९३८ पर्यंत, होते.

म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता. दुर्बीण चांगली होती, म्हणून तर ती पुढे दुसरीकडे नेली. नव्हता तो पुढचा माणूस आणि त्याला तयार करायची व्यवस्था. म्हणून आता मी माझ्या कोडचं डॉक्युमेंटेशन लिहायला कंटाळलो, की पुण्यातली ही दुर्बीण मला आठवते.