रॅम्से मॅकडोनाल्ड : बेकारी भत्त्यातली कपात, पक्षातली फूट आणि १९३१ ची निवडणूक

रॅम्से मॅकडोनाल्ड हे नाव आपल्याकडे एकाच संदर्भात घेतले जाते. ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा, त्यातले अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ, गांधीजींचे येरवड्यातले उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार. जयंतीच्या भाषणांत हा इतिहास दरवर्षी येतो. पण हा निवाडा देणारे ब्रिटिश पंतप्रधान कोण होते, त्यांच्या स्वतःच्या पक्षाने त्यांना का हाकलले, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्ही वस्त्यांमध्ये निराधार अनुदान, रेशन, उत्पन्नाचे दाखले अशी कामे करतो. त्यामुळे आम्हाला त्यांच्या आयुष्यातले १९३१ हे वर्ष जास्त जवळचे वाटते. गरिबांच्या हक्काच्या पैशावर कात्री लागली की पक्ष कसे फुटतात आणि त्या फुटीची किंमत मतपेटीत कोण मोजतो, हे त्या एका वर्षात दिसते.

मॅकडोनाल्ड यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६६ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथ या मासेमारी गावात झाला. आई अ‍ॅन रॅम्से शेतावर मोलकरीण होती, वडील शेतमजूर. दोघांचे लग्न झाले नव्हते. मुलाला आईने आणि आजीने वाढवले. गावच्या शाळेत ते हुशार निघाले आणि तिथेच विद्यार्थी-शिक्षक झाले. १८८६ मध्ये लंडनला आले तेव्हा हाताला काम नव्हते. कारकुनी करत, रात्री शिकत त्यांनी दिवस काढले. जन्मावरून त्यांना आयुष्यभर टोमणे ऐकावे लागले. पहिल्या महायुद्धाला त्यांनी विरोध केला तेव्हा एका साप्ताहिकाने त्यांचा जन्मदाखलाच छापून टाकला. जन्माचा कलंक लावून माणसाला गप्प करण्याची ही रीत आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

१९०० मध्ये कामगार संघटना आणि समाजवादी गट एकत्र आले आणि त्यातून पुढे मजूर पक्ष उभा राहिला. त्याचे पहिले सचिव मॅकडोनाल्ड होते. १९०६ मध्ये या पक्षाचे २९ खासदार निवडून आले, त्यात लेस्टरमधून तेही होते. १९०९ मध्ये ते हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. युद्धाला विरोध केल्यामुळे १९१८ मध्ये ते पडले, पण १९२२ मध्ये पुन्हा निवडून आले आणि जानेवारी १९२४ मध्ये ब्रिटनचे पहिले मजूर पंतप्रधान झाले. ते सरकार वर्षभरही टिकले नाही. १९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला २८७ जागा मिळाल्या, हुजूर पक्षाला २६० आणि उदारमतवाद्यांना ५९. मॅकडोनाल्ड दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले, पण बहुमत याही वेळी नव्हते.

त्याच वर्षी अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदी आली. ब्रिटनमधले बेकार दीड वर्षात सुमारे १२ लाखांवरून २५ लाखांवर गेले. तिथे बेकारी भत्ता विम्याच्या निधीतून मिळे. कामगार, मालक आणि सरकार तिघे त्यात वर्गणी भरत. काम करणारे कमी झाले की वर्गणी आटते आणि घेणारे वाढतात. निधी कर्जात गेला आणि ते कर्ज सरकारी खजिन्यावर आले. यावर उपाय सुचवायला सरकारने जॉर्ज मे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे हे एका मोठ्या विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. ३१ जुलै १९३१ रोजी समितीचा अहवाल बाहेर आला. तूट १२ कोटी पौंडांची होईल, खर्चात सुमारे साडेनऊ कोटी पौंडांची कपात करा आणि त्यातला सर्वात मोठा वाटा बेकारांवरच्या खर्चातून काढा, असा त्याचा आशय होता. भत्ता थेट २० टक्क्यांनी कमी करण्याची शिफारस होती. समितीतल्या कामगार प्रतिनिधींनी याला सहमती दिली नाही.

अहवाल येताच परदेशी ठेवीदार लंडनमधून पैसा काढू लागले. पौंड वाचवायला न्यूयॉर्क आणि पॅरिसकडून कर्ज हवे होते आणि कर्ज देणाऱ्यांना कपातीची खात्री हवी होती. मंत्रिमंडळाने सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या कपातीला तत्त्वतः होकार दिला होता. अडले ते बेकारी भत्त्यावर. २० टक्के नको, १० टक्के करू, असा प्रस्ताव आला. अर्थमंत्री फिलिप स्नोडेन कपातीच्या बाजूने होते, आर्थर हेंडरसन विरोधात. कामगार संघटनांनी साफ नकार दिला. २३ ऑगस्टला मंत्रिमंडळात ११ विरुद्ध ९ अशी फूट पडली. इतक्या कमी फरकावर सरकार चालणार नव्हते. मॅकडोनाल्ड राजीनामा द्यायला राजाकडे गेले आणि दुसऱ्या दिवशी हुजूर आणि उदारमतवादी यांच्यासोबतच्या राष्ट्रीय सरकारचे पंतप्रधान म्हणून बाहेर आले. मजूर पक्षाचे मोजकेच लोक त्यांच्यासोबत गेले. सप्टेंबरअखेर पक्षाने त्यांना काढून टाकले. जो पक्ष त्यांनी उभा केला, त्याच पक्षात त्यांचे नाव गद्दार म्हणून घेतले जाऊ लागले.

कपात झाली. बेकार पुरुषाचा आठवड्याचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आला. शिक्षकांचे पगार कापले गेले. नौदलाच्या खलाशांनी पगारकपातीविरुद्ध इनव्हरगॉर्डनला काम थांबवले. आणि ज्या सुवर्णमानासाठी हे सगळे केले, तो २१ सप्टेंबरला सोडूनच द्यावा लागला. नोव्हेंबरपासून ज्यांच्या विम्याची मुदत संपली अशा बेकारांच्या घराची उत्पन्न-तपासणी सुरू झाली. घरातल्या मुलामुलींची कमाई, साठवलेले पैसे, सगळे मोजून मग मदत ठरे. आईवडिलांचा भत्ता तुटू नये म्हणून कमावती मुले घर सोडून वेगळी राहू लागली. विधवा बाईच्या अर्जात मोठ्या मुलाची मजुरी मोजली गेली की घरात काय वाद होतात, ते आम्ही पाहतो. त्यामुळे हा भाग वाचताना आम्हाला तो परका वाटला नाही.

२७ ऑक्टोबर १९३१ ला निवडणूक झाली. राष्ट्रीय सरकारला ५५४ जागा मिळाल्या, त्यातल्या ४७० च्या आसपास एकट्या हुजूर पक्षाच्या. मजूर पक्ष २८७ वरून ५२ वर आला. हेंडरसन स्वतः पडले. पण मते पाहिली तर चित्र वेगळे आहे. मजूर पक्षाची मते ३७ टक्क्यांवरून साधारण ३० टक्क्यांवर आली. मते पाचव्या हिश्श्याने घटली आणि जागा मात्र पाचातल्या चार गेल्या. कारण सरळ आहे. १९२९ मध्ये बहुतेक मतदारसंघांत तिरंगी लढती होत्या. १९३१ मध्ये विरोधकांनी अनेक ठिकाणी एकच उमेदवार दिला आणि मजूर पक्षाचा जुना नेताच समोरच्या बाजूला होता. शिवाय टपाल खात्यातली तुमची बचत मजूर पक्ष बेकारांवर उधळेल, अशी भीती छोट्या बचतदारांना घातली गेली. नोकरी असलेला गरीब आणि नोकरी गेलेला गरीब एकमेकांसमोर उभे केले गेले. आणि मजूर पक्षाला ठामपणे उत्तर देता आले नाही, कारण बाकीच्या कपातींना त्याच्याच मंत्र्यांनी मान हलवली होती.

हे सगळे घडत होते तेव्हा बाबासाहेब लंडनमध्येच होते. दुसरी गोलमेज परिषद ७ सप्टेंबरला सुरू झाली होती आणि तिच्या मधोमध ही निवडणूक आली. परिषदेचे अध्यक्ष मॅकडोनाल्डच होते, पण भारतमंत्री बदलला होता. मजूर पक्षाचे वेजवुड बेन जाऊन हुजूर पक्षाचे सॅम्युएल होअर आले होते. पुढच्या वर्षीचा निवाडा मॅकडोनाल्ड यांच्या नावाने निघाला, पण तो हुजूर बहुमतावर उभ्या असलेल्या सरकारचा होता.

पंतप्रधानपद राहिले, हाताशी पक्ष उरला नाही. दृष्टी अधू झाली, प्रकृती ढासळली. कापलेला भत्ता १९३४ मध्ये पूर्ववत झाला. जून १९३५ मध्ये त्यांनी पद सोडले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डरहॅमच्या खाणभागातल्या सीहॅममध्ये ते सुमारे २० हजार मतांनी पडले. त्या खाणकामगारांनी १९३१ मध्ये त्यांना निवडून दिले होते, चार वर्षांनी त्यांनी हिशेब चुकता केला. ९ नोव्हेंबर १९३७ ला दक्षिण अमेरिकेला जाताना जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. १९४५ मध्ये मजूर पक्ष ३९३ जागांसह परतला आणि पुढच्या वर्षी त्याने राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. त्या सरकारचे पंतप्रधान क्लेमंट अ‍ॅटली १९३१ मध्ये जेमतेम ५५१ मतांनी वाचले होते.

मॅकडोनाल्ड यांना केवळ गद्दार म्हणून सोडून देणे आम्हाला पटत नाही. देश बुडू नये असे त्यांना मनापासून वाटत असावे. पण बुडण्याची भीती दाखवून पहिला हात सर्वात कमी असलेल्याच्या ताटात घातला जातो आणि ते त्यांनी मान्य केले, ही त्यांची चूक होती. मजूर पक्षाची चूक वेगळी. कपातीला पर्याय काय, हे त्याने वेळेत ठरवले नाही. ठरवले असते तर भांडण निदान मुद्द्यावर झाले असते.

आपल्याकडे रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि दोन वर्षांत फुटला. १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चार खासदार लोकसभेत गेले. ती एकी टिकली नाही. मते तीच, माणसे तीच, जागा मात्र एकीप्रमाणे वाढतात आणि फुटीप्रमाणे जातात, हे ब्रिटनच्या आकड्यांतून दिसले तेच इथेही दिसते.

म्हणून पुढच्या वेळी मते मागायला कोणीही वस्तीत आला, आपल्या निळ्या झेंड्याखाली आला तरी, आधी शिष्यवृत्तीचे, निराधार अनुदानाचे, रेशनचे विचारा. पैसा कमी पडला तर पहिली कात्री कुठे लावणार, आणि तुमचा गट त्या दिवशी कोणाच्या बाजूला बसणार? उत्तर सभेत सर्वांसमोर घ्या आणि लिहून ठेवा. सीहॅमच्या खाणकामगारांना हिशेब चुकता करायला चार वर्षे थांबावे लागले. आपल्याला तो मतदानाआधीच मागता येतो.