यशवंतराव आणि संरक्षण खात्याची सकाळ

यशवंतराव चव्हाणांवर लिहिणारे बहुतेक जण मंगल कलशापाशी थांबतात. मला त्यांच्या चरित्रातील दिल्लीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. गणवेशातला अधिकारी आणि कचेरीतला अधिकारी यांना एका कामाला जुंपणे हे सोपे नव्हे. ते त्यांनी तेथे केले.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी त्यांचा जन्म झाला. वडील प्लेगने लवकर गेले, आई विठाबाईंनी कष्टाने वाढविले. १९४२ साली भूमिगत राहून ज्यांनी पोलिसांना चुकविले, तेच पुढे देशाचे गृहमंत्री झाले!

नोव्हेंबर १९६२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडून ते संरक्षणमंत्री झाले, तेव्हा चीनपुढील पराभवाने सैन्य खचले होते. त्याआधीच्या काळात मंत्री व सेनाधिकारी यांच्यात विश्वास उरला नव्हता. आपल्या कोडगूचे जनरल थिमय्या यांनी तर १९५९ साली राजीनामा दिला होता; नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला. यशवंतरावांनी साधा उपाय योजला. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना ते आपल्यासमोर एकत्र बसवीत. फाईल फिरायला लागणारे दिवस त्यामुळे वाचले.

१ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग भेटीस येताच यशवंतरावांनी काही मिनिटांत विमाने वापरण्यास संमती दिली. त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमाने उडाली. मात्र चार व्हँपायर विमाने पडली आणि काही मारा आपल्याच फौजेवर झाला. दिल्लीतला मेळ रणांगणावर अजून पोहोचला नव्हता, असेच म्हणावे लागेल.

सीमेवरील पहाराही तेव्हा मुख्यतः राज्यांच्या पोलिसांकडे होता. एप्रिल १९६५ मध्ये कच्छमधील सरदार चौकीवर हल्ला झाला, तेव्हा तेथे केंद्रीय राखीव पोलीस लढले. त्या धड्यातून १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल उभे राहिले. हे दल गृहखात्याचे, आणि १९६६ च्या अखेरीस गृहमंत्री झाले यशवंतरावच! १९७१ च्या युद्धात हेच दल सैन्याच्या हुकमाखाली लढले.

गुजरातेतच आणखी एक खूण दिसते. सुरतेजवळच्या इच्छापोरहून हजिऱ्याच्या रस्त्याने पुढे गेले की तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा मोठा प्रकल्प लागतो. तेथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. दुरून पाहणाऱ्याला ते सैनिकच वाटावेत, पण हे दलही गृहखात्याचे. त्याचा कायदा १९६८ साली, यशवंतरावांच्याच कारकिर्दीत झाला.

आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना एक गोष्ट विशेष वाटेल. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते अर्थमंत्री होते. निर्वासितांच्या खर्चासाठी पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, ते त्याच वर्षी सुरू झाले. संरक्षण, गृह आणि अर्थ अशी तिन्ही खाती सांभाळल्यामुळे जवानाची बंदूक, पोलिसाचा पहारा आणि दोहोंचा पगार या साऱ्यांची फाईल त्यांच्या टेबलावरून गेली होती.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.