सॉरी गावच्या हीलिसबाई

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्याविषयी आपण वाचले आहे, आणि त्यांच्याविषयी लिहायला माझ्यापेक्षा जाणत्या भगिनी मंडळात आहेत. म्हणून यंदा मी जरा दूरच्या बाईंची निवड केली. निळे जाकीट घातलेल्या खोडकर सशाचे चित्र आपल्यापैकी पुष्कळींनी मुलांच्या पुस्तकात पाहिले असेल. तो पीटर ससा ज्यांनी काढला त्या या बिअट्रिक्स पॉटर. जग त्यांना सशाच्या गोष्टींमुळे ओळखते. मला मात्र त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी एका खेड्यात जो व्याप मांडला तो, अधिक मोलाचा वाटतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके मुलीने वाचून समजावून दिली. त्यातून मनात राहिले ते साध्या शब्दांत सांगते.

बिअट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडन शहरात झाला. घर गर्भश्रीमंत. दोन्हीकडच्या आजोबांनी कापूस आणि सुती कापडाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवला होता. वडील बॅरिस्टर होते, पण वकिली करून पोट भरण्याची त्यांना गरज नव्हती. मुलीला शाळेत घातले नाही. घरीच बाई येऊन शिकवीत. बरोबरीच्या मैत्रिणी जवळजवळ नाहीत. बर्ट्राम नावाचा एक धाकटा भाऊ होता, तोही पुढे बोर्डिंगात गेला. मग या मुलीने ससे, उंदीर, बेडूक, सरडे यांनाच सोबती केले. तासन् तास त्यांच्याकडे पाहावे आणि हुबेहूब चित्रे काढावी, हा तिचा उद्योग. सुमारे पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत तिने एक रोजनिशी लिहिली, तीही स्वतः तयार केलेल्या गुप्त लिपीत! ती लिपी पुढे १९५८ साली एका चिकाटीच्या गृहस्थाने उलगडली. मनातले बोलायला माणूस नसले म्हणजे असे होत असावे.

उन्हाळ्यात हे कुटुंब खेड्यात मोठे घर भाड्याने घेऊन राही. १८८२ साली ते इंग्लंडच्या वायव्येकडच्या सरोवरांच्या प्रांतात, लेक डिस्ट्रिक्टमध्ये गेले. बिअट्रिक्स तेव्हा सोळा वर्षांची होती. तिथे हार्डविक रॉन्स्ली नावाच्या पाद्र्यांची ओळख झाली. डोंगर, तळी, जुनी घरे लोभी माणसांच्या हाती जाऊ नयेत, सर्वांसाठी राखली जावीत, असा त्यांचा ध्यास होता. पुढे १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल या बाई आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली. तो विचार या मुलीच्या मनात खोल रुजला.

१८९६ च्या उन्हाळ्यात पॉटर कुटुंब ‘निअर सॉरी’ या खेड्यात उतरले. नाव ऐकून हसू नका. हॉक्सहेड या बाजाराच्या गावापासून जवळचे ते ‘निअर’ आणि लांबचे ते ‘फार’ सॉरी, जसे आपल्याकडे खुर्द आणि बुद्रुक. गाव अगदी लहान. पांढऱ्या रंगाची थोडी घरे, वर काळसर पाटीच्या दगडाची छपरे. खाली एस्थवेट नावाचे तळे, भोवती हिरवी कुरणे आणि त्यामागे उघडे डोंगर. शेतांच्या कडेने चुना न लावता दगडावर दगड रचलेली कुसवे, कोकणातल्या भगिनी ज्याला गडगा म्हणतात तसली. पाऊस मात्र भरपूर. हे गाव बिअट्रिक्सच्या मनात भरले.

त्या काळात त्यांनी अळंब्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला, शेकडो चित्रे काढली. १८९७ साली त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटी या विद्वानांच्या सभेपुढे ठेवला गेला. पण तिथे बायकांना प्रवेशच नव्हता, म्हणून तो दुसऱ्या गृहस्थांनी मांडला. पुढे त्याचे काही झाले नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ साली, त्या सभेने बाईंना नीट वागणूक मिळाली नसल्याचे मान्य केले. उशिरा का होईना!

पीटर सशाची कथा तर आपल्या घरात घडावी इतकी साधी आहे. पॉटरबाईंना पूर्वी शिकवायला येणाऱ्या बाईंचा मुलगा नोएल आजारी होता. १८९३ च्या सप्टेंबरात त्याचे मन रमावे म्हणून त्यांनी चित्रे काढून सशाची गोष्ट पत्रातून पाठवली. पुढे तिचे पुस्तक करावे असे मनात आले, पण एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी १९०१ च्या डिसेंबरात स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. मग फ्रेडरिक वॉर्न या कंपनीने १९०२ साली रंगीत पुस्तक काढले आणि वर्षाअखेरपर्यंत सुमारे २८,००० प्रती छापाव्या लागल्या. पुस्तक मुलांच्या चिमुकल्या हातात मावावे, किंमतही बेताची असावी, असा बाईंचा आग्रह होता. वयाच्या पस्तिशीनंतर स्वतःच्या कमाईचा पैसा नियमित हाती येऊ लागला.

त्या कंपनीतल्या नॉर्मन वॉर्न यांच्याशी कामाच्या निमित्ताने स्नेह वाढला. १९०५ च्या जुलैत नॉर्मननी लग्नाची मागणी घातली. बाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. आईवडिलांचा कडक विरोध, कारण काय तर मुलगा धंदेवाल्याच्या घरचा! स्वतःचे वैभव कापडाच्या धंद्यातून आले होते हे ती मंडळी विसरली. बाईंनी तरीही अंगठी स्वीकारली. पण दैव आडवे आले. एक महिनाभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने वारले. लग्नाची बोलणी उघड झालीच नव्हती, त्यामुळे चारचौघांत रडण्याचीही सोय नव्हती.

अशा वेळी एखादी खचून गेली असती. पॉटरबाईंनी त्याच वर्षी सॉरीतले ‘हिल टॉप’ नावाचे ३४ एकरांचे शेत घर-गोठ्यासह विकत घेतले. पुस्तकांची कमाई आणि एका मावशीकडून आलेला थोडा वारसा, असा तो पैसा होता. भगिनींनो, इथे मी वाचता वाचता थांबले. आपण पापड, लोणची, शिवणकाम करून चार पैसे मिळवतो, आणि ते वाणसामान, फी, औषधपाणी यांत केव्हा जिरतात ते कळतही नाही. माहेरी हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या कितीजणी आपल्यात आहेत! मीही त्यांतलीच. भावाशी गोडी राहिली याचा आनंद आहे, पण सातबाऱ्यावर आपले नाव असणे म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. या बाईंनी ते दुःखाच्या दिवसांत, कोणाच्या आधाराशिवाय केले.

मात्र शेत घेतले म्हणून मोकळीक मिळाली असे नव्हे. बिनलग्नाच्या मुलीने आईवडिलांचे घर सांभाळायचे, अशी रीत. पुढची आठ वर्षे बाई लंडनहून थोडे थोडे दिवसच सॉरीला येऊ शकत. मागे जॉन कॅनन हे कारभारी शेत पाहत. पण त्याच तुटक दिवसांत त्यांची उत्तम पुस्तके झाली, आणि त्यांत हे गावच उतरले आहे. गावची गल्ली, दुकान, हिल टॉपचा जिना, चूल, फडताळ, सारे चित्रांत दिसते. १९०८ साली आलेल्या जेमायमा बदकिणीच्या गोष्टीत कारभाऱ्याची बायको आणि मुलेही आहेत. बदकीण नीट उबवत नाही म्हणून तिची अंडी कोंबडीखाली ठेवतात, हा गोष्टीतला प्रकारही शेतावरच्या नित्याच्या व्यवहारातला.

आणखी जमीन घेताना हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस कागदपत्रे पाहत. शांत, सरळ गृहस्थ. त्यांनी मागणी घातली तेव्हा घरी पुन्हा तोच विरोध, खेड्यातला वकील आपल्या तोलाचा नाही म्हणून. तेव्हा भाऊ बर्ट्राम बहिणीच्या मदतीला धावला. आपण स्वतः अकरा वर्षांपूर्वीच गुपचूप लग्न करून स्कॉटलंडमध्ये शेती करीत आहोत, हे त्याने आईवडिलांना सांगून टाकले! १५ ऑक्टोबर १९१३ रोजी लग्न झाले. नवरी सत्तेचाळीस वर्षांची होती. जोडप्याने सॉरीतच कासल कॉटेज या घरात संसार थाटला, आणि हिल टॉपचे घर बाईंनी आपल्या कामासाठी आणि आवडीच्या जुन्या वस्तूंसाठी राखले.

यानंतर पुस्तके कमी होत गेली. लेखिका पॉटर जगात गाजत होत्या, पण गावात त्या हीलिसबाई होत्या, आणि त्यांना तेच आवडे. मेंढीच्या लोकरीच्या जाड कापडाचा घागरा-कोट, पायात लाकडी तळव्यांचे बूट, पाऊस आला तर खांद्यावर पोते. एकदा एका रस्त्यावरच्या भटक्याने त्यांना आपल्यासारखीच निराधार समजून सहानुभूती दाखवली, ही गोष्ट त्या स्वतःच मजेने सांगत. स्वभाव कडक, व्यवहार चोख. गावातली मुले त्यांना थोडी टरकून असत.

त्यांचा जीव जडला तो हर्डविक जातीच्या मेंढ्यांवर. ही कोकरे जन्मतः काळी असतात आणि वय वाढेल तशी राखी होतात. लोकर राठ, तिला भाव कमी, पण उघड्या डोंगरावर बर्फपावसात टिकून राहणारी ही काटक जात. तिची खुबी अशी की डोंगराला कुंपण नसले तरी प्रत्येक कळप आपल्याच भागात चरतो. कोकरू आईच्या मागे हिंडताना आपली हद्द शिकते आणि मोठे झाल्यावर आपल्या पिलाला शिकवते. म्हणून शेत विकले तरी कळप शेताबरोबरच राहतो. तो एकदा मोडला तर नवा बसवायला पिढ्या लागतात.

पहिल्या महायुद्धानंतर शेती परवडेनाशी झाली. जुन्या मालमत्ता फुटू लागल्या, शहरी लोकांच्या बंगल्यांसाठी तुकडे पडू लागले. तुकडा गेला की कळप गेला, कळप गेला की मेंढपाळाचे घर उठले, हे हीलिसबाईंना कळत होते. पुस्तकांच्या पैशातून त्या एकेक शेत घेत गेल्या. १९२० नंतरच्या वर्षांत ट्राउटबेक पार्क हे मोठे डोंगरी शेत घेतले. तिथल्या मेंढ्या रोगाने खंगल्या होत्या. नवे औषध देऊन आणि टॉम स्टोरी या हुशार मेंढपाळाला हाताशी धरून त्यांनी हर्डविकचे कळप सुधारले. पुढे प्रदर्शनांत बक्षिसे मिळाली, परीक्षक म्हणूनही बोलावणी येऊ लागली. १९३० साली मंक कॉनिस्टन ही सुमारे ४,००० एकरांची मालमत्ता विक्रीला निघाली. ट्रस्टकडे तेवढा पैसा नव्हता. बाईंनी ती सबंध विकत घेतली, ट्रस्टला पैसे जमल्यावर अर्धी घेतल्या किमतीत दिली, आणि साठी उलटल्यावरही कित्येक वर्षे साऱ्याचा कारभार पाहिला. खंड गोळा करणे, गळकी छपरे, पडकी कुसवे, सगळीकडे जातीने लक्ष.

गावाच्या दुखण्याखुपण्याकडेही त्यांचे ध्यान होते. जवळपास दवाखाना नाही, डॉक्टर लांब. तेव्हा सॉरी, हॉक्सहेड आणि रे या गावांसाठी शिकलेल्या नर्सची सोय व्हावी म्हणून त्यांनी खटपट करून एक मंडळ उभे केले. बाळंतिणींना आणि म्हाताऱ्यांना त्याचा केवढा आधार झाला असेल, हे आपल्याला सांगायला नको. मुलींची गाइड पथके त्यांच्या रानात तंबू ठोकून राहत, त्यांनाही कधी आडकाठी नव्हती.

१९४३ साली हर्डविक मेंढपाळांच्या संघाने पुढच्या वर्षासाठी त्यांना अध्यक्ष निवडले. एका बाईला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पण पद सांभाळण्यापूर्वीच, २२ डिसेंबर १९४३ रोजी, कासल कॉटेजमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे टॉम स्टोरीने हिल टॉपच्या वरच्या रानात त्यांची रक्षा विखुरली. जागा कोणती ते त्याने लोकांना सांगितले नाही. पतीच्या मागे चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि चौदा-पंधरा शेते नॅशनल ट्रस्टकडे गेली. अट अशी की डोंगरी शेतांवर शुद्ध हर्डविक कळपच राहावेत. हिल टॉपच्या खोल्याही होत्या तशाच ठेवायच्या होत्या, आणि १९४६ साली ते घर लोकांसाठी उघडले. २०१७ साली लेक डिस्ट्रिक्टची जागतिक वारशांत नोंद झाली.

हीलिसबाई श्रीमंत घरच्या होत्या, आपली त्यांची बरोबरी नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण श्रीमंत घरातही त्यांच्या नावावर स्वतःचे असे काही नव्हते. जे केले ते बरेचसे आपल्या हातच्या कामाच्या पैशातून, आणि तेही लोकांच्या लेखी वय निघून गेल्यावर. पोटी मूल नव्हते, तरी गावच्या पुढच्या पिढ्यांची तरतूद त्यांनी केली. मला वाटते, आपण आपल्या कमाईतला चौथा हिस्सा तरी वेगळा ठेवावा, स्वतःच्या नावाने ठेवावा, आणि त्यातून काहीतरी टिकणारे उभे करावे. गुंठाभर जागा असो, शिलाईचे यंत्र असो, की मुलीच्या शिक्षणाची पुंजी असो. मी यंदाच्या संक्रांतीपासून टपालात माझ्या नावाचे खाते काढले आहे. ज्यांना काढायचे असेल त्यांच्याबरोबर मी यायला तयार आहे.