गोडसे भटजींनी पाहिलेली झाशी

सत्तावन्नच्या बंडावर इंग्रज अधिकाऱ्यांनी ढीगभर लिहून ठेवले. मात्र, तोफांच्या माऱ्याखाली सापडलेल्या सामान्य माणसाच्या नजरेतून झाशीचा पाडाव सांगणारा महत्त्वाचा ग्रंथ मराठीत आहे आणि तो लिहिणारा कुणी सेनानी वा मुत्सद्दी नव्हता. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक होते.

घरावर कर्ज होते. त्यातच बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याची वार्ता कोकणात येऊन पोहोचली. मोठी दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने तिशीच्या आसपासचे विष्णुभट १८५७ मध्ये काका रामभटांसह उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास पोहोचेपर्यंत वणवा पेटला होता. तरीही काका-पुतणे मागे फिरले नाहीत. रिकाम्या हाताने घरी परतणे त्यांना अधिक जड वाटले असावे!

झाशीत राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला. राणीची दिनचर्या, घोड्यावरची मांड, दानधर्म हे सारे भटजींनी जवळून पाहिले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा दिला. दिवसरात्र तोफगोळे पडू लागले. १ एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोपे यांचा पराभव झाला आणि बाहेरून मदत येण्याची आशा मावळली. ३ एप्रिलला इंग्रज तटावरून आत शिरले. दुसऱ्या रात्री राणीने किल्ला सोडला.

त्यानंतरचे दिवस हा ग्रंथाचा गाभा होय. भटजी लपून बसले होते. बाहेर कत्तल चालली होती, हलवाईपुरा जळत होता. आधी सोने-रुपे, मग भांडीकुंडी, कपडे, अखेरीस धान्य, अशी लूट झाली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाल्याचे दुःख त्यांनी विशेष नोंदविले आहे. विद्याव्यासंगी ब्राह्मणाला ते प्रेतांच्या राशींइतकेच झोंबले. स्वतःची मिळकतही लुटली गेली.

पुढे काळपीकडे जाताना एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पुरुषी वेशातली राणी त्यांना पुन्हा दिसली. ती तहानलेली होती. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे, हे तिला रुचले नाही. तिने स्वतः पाणी काढले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या रणात ती पडली. भटजी मात्र चित्रकूट, अयोध्या, काशी करीत, खांद्यावर गंगेची कावड घेऊन वरसईला पोहोचले. आई-वडिलांना गंगास्नान घडले, कर्ज तसेच राहिले.

हे सारे कागदावर उतरले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, इतिहासकार चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. त्यामुळे तारखांचे घोटाळे आहेत, ऐकीव गोष्टीही मिसळल्या आहेत. ज्या जागी लेखक स्वतः हजर होता, तेथील तपशील मात्र विलक्षण जिवंत आहेत. सरकारी रोषाचे भय मोठे होते. गोडसे यांच्या निधनानंतर, १९०७ मध्ये वैद्यांनी 'माझा प्रवास' प्रसिद्ध केला, तोही बराच काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती वाचकांच्या हाती येण्यास १९६६ साल उजाडावे लागले. ती दत्तो वामन पोतदार यांनी संपादित केली. तत्पूर्वीच अमृतलाल नागर यांनी हा ग्रंथ हिंदीत नेला होता. इंग्रजी अनुवाद एकविसाव्या शतकात झाले.